वाघ्याचे आठ महिने

पत्र : आम्ही अहमदपूर तालुक्यात आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, राहतो. संक्रांतीच्या दिवशी आम्ही कारवानी जातीचे एक नर पिल्लू आणले. तेव्हा ते पस्तीस दिवसांचे होते. त्याचे नाव वाघ्या ठेवले. लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर काढू नका असे सांगितल्यामुळे चौथा महिना संपेपर्यंत आम्ही त्याला कोठ्यातच ठेवले. पाच महिन्यांचा असताना तो ‘ये’, ‘बस’ हे सारे ऐकत होता. आता साडेआठ महिन्यांचा झाल्यावर हाक मारली तर माझ्याकडे पाहतो आणि उलट दिशेने निघून जातो. शिकवणीसाठी लातूरला राहणारा पुतण्या शनिवारी येतो, त्याचे मात्र एका शब्दात ऐकतो. पोळ्याच्या दिवशी हलगी वाजू लागली तेव्हा तो बाजेखाली शिरला आणि रात्रीपर्यंत बाहेर आला नाही. रोजच्या दूधवाल्यावरही हल्ली गुरगुरतो. शेजारी म्हणतात की दिवसभर साखळीला बांधा म्हणजे तिखट होईल. सासऱ्यांना त्याला मोटारसायकलमागे पळवून माळेगावच्या यात्रेतील श्वान प्रदर्शनात न्यायचे आहे. ज्यांच्याकडून वाघ्या आणला त्यांची कुत्री पोळ्याच्या आदल्या आठवड्यात पुन्हा व्याली असून नणंदेला त्यातील एक मादी हवी आहे. आमचे वाघ्याच्या बाबतीत काय चुकले आणि तिने काय करावे? — एक वाचक भगिनी, जि. लातूर

उत्तर : ताई, पुतण्याबद्दल लिहिताना आपला सूर थोडा दुखावलेला वाटला. ज्याने एकदाही भाकरी घातली नाही त्याच्यापुढे वाघ्या मुकाट बसतो आणि ज्या हाताने त्याला वाढवले त्या हाताकडे पाठ फिरवतो, हे कोणालाही लागेल. मात्र हा प्रकार अभ्यासकांनी मोजून पाहिलेला आहे. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठातील लुसी ॲशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अंध व्यक्तींचे वाटाडे म्हणून तयार केल्या जाणाऱ्या पिल्लांना त्यांनी पाचव्या महिन्यात आणि पुन्हा आठव्या महिन्यात ‘बस’ अशी आज्ञा देऊन पाहिली. आठव्या महिन्यात ही पिल्ले स्वतःच्या सांभाळणाऱ्या माणसाचे पूर्वीपेक्षा कमी ऐकू लागली होती, परक्या माणसाच्या आज्ञेकडे मात्र त्यांनी तसे दुर्लक्ष केले नाही, आणि वर्षाची होईपर्यंत त्यांचे वागणे बऱ्याच अंशी पूर्वपदावर आले. पुतण्या स्वतःच्या आईचे किती ऐकतो, हे जाऊबाईंना एकदा विचारून पाहावे. वाघ्या सध्या त्याच वयातून जात आहे.

साधारणपणे सहाव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंतचा काळ हे कुत्र्याचे किशोरवय असते. या काळात नर पाय वर करून मुतू लागतो, वासाचा माग काढत दूर जातो आणि बांधावरून पळणारा ससा त्याला आपल्या हाकेपेक्षा मोलाचा वाटतो. त्यात कारवानी हा डोळ्यांनी शिकार हेरून तिचा पाठलाग करणाऱ्या जातींपैकी आहे, त्यामुळे हलणारी वस्तू दिसली की तो आधी धावतो आणि मग विचार करतो. म्हणून पुढील काही महिने मोकळ्या शिवारात त्याला हाक मारून आपली हाक वाया घालवू नये. त्याच्या पट्ट्याला पंधरा-वीस फुटांची हलकी दोरी बांधावी, दोरीचे दुसरे टोक आपल्या हातात ठेवावे आणि तो काहीतरी हुंगण्यात गुंग नसेल अशा वेळी एकदाच बोलवावे.

बोलावण्याची रीत सांगतो, कारण बहुतेक घरांत चूक येथेच होते. आपण ताठ उभे राहून, त्याच्याकडे रोखून पाहत, आवाज चढवून ‘वाघ्या, इकडे ये’ असे तीनदा ओरडतो. कुत्र्याच्या भाषेत हे बोलावणे नसून दटावणे असते. त्याऐवजी किंचित बाजूला वळून उकिडवे बसावे, हात गुडघ्यापाशी खाली ठेवावा आणि एकदाच, नेहमीच्या आवाजात नाव घ्यावे. तो आला की उकडलेल्या अंड्याचा बोराएवढा तुकडा हातावर द्यावा, पट्ट्याला क्षणभर हात लावावा आणि पुन्हा ‘जा’ म्हणून सोडून द्यावे. हे शेवटचे सोडून देणे महत्त्वाचे आहे. आपण त्याला बोलावतो ते बहुधा बांधण्यासाठी किंवा चप्पल फाडल्याबद्दल रागावण्यासाठी, आणि दोन-चार वेळा तसे घडले की बोलावणे म्हणजे मोकळेपणाचा शेवट, हे त्याच्या पक्के लक्षात राहते. दिवसातून दहा वेळा बोलावले, तर त्यातील नऊ वेळा पुन्हा सोडलेच पाहिजे.

आता साखळीविषयी. कुत्रे दिवसभर बांधले की ते तिखट होते, ही समजूत आपल्या भागात घरोघर आहे आणि वरवर पाहता ती खरीही ठरते, कारण बांधलेले कुत्रे येणाऱ्या-जाणाऱ्यावर झेपावते आणि आपल्याला ते राखणीला सज्ज असल्यासारखे वाटते. वस्तुतः भीती वाटली असता प्राण्यापुढे मुख्यतः पळणे किंवा चावणे हे दोन मार्ग असतात आणि साखळी त्यातील पहिला मार्ग बंद करते. असे कुत्रे चोर आणि पाहुणा यांत भेद करत नाही. साखळी तुटली तर ते आधी गड्याच्या पोराला चावेल आणि मग रेबीजच्या इंजेक्शनांसाठी सर्वांना सरकारी दवाखान्यात खेटे घालावे लागतील. चांगली राखण करणाऱ्या कुत्र्याला घरचे कोण, रोजचे कोण आणि परके कोण हे कळावे लागते, आणि ते कळण्यासाठी त्याला माणसांत वावरावे लागते. रात्री किंवा गर्दीच्या वेळी थोडा वेळ बांधणे वेगळे. दिवसभर साखळी नको.

दूधवाल्यावरील गुरगुरणे हेही किशोरवयातच मोडते. सहाव्या ते चौदाव्या महिन्याच्या दरम्यान केव्हातरी अनेक कुत्र्यांना ओळखीच्या गोष्टींचीही पुन्हा धास्ती वाटू लागते. ही अवस्था काही आठवड्यांत ओसरते, मात्र त्या काळात त्याला मारले किंवा जबरदस्तीने त्या माणसाजवळ ओढत नेले तर ती मुरते. दूधवाल्याला सांगावे की त्याने काही दिवस वाघ्याकडे पाहू नये आणि त्याला हात लावायला जाऊ नये. लांबूनच भाकरीचा तुकडा टाकून त्याने पुढे जावे, एवढे पुरे.

पोळ्याच्या दिवशीची भीती मात्र मला अधिक जुनी वाटते. तिचे मूळ समजण्यासाठी पिल्लाच्या पहिल्या चार महिन्यांकडे वळावे लागेल, आणि नणंदबाईंच्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे.

जन्मतः पिल्लू आंधळे आणि बहिरे असते. ते स्वतःच्या अंगाची ऊब टिकवू शकत नाही, आणि आईने चाटल्याशिवाय त्याला शी-शूही होत नाही. दहाव्या ते चौदाव्या दिवशी डोळे उघडतात, त्यानंतर काही दिवसांनी कान उघडतात, आणि तिसऱ्या आठवड्यात ते डुगडुगत चालू लागते, दुधाचे दात फुटू लागतात, शेपूट हलू लागते. येथपर्यंतचे काम आईचे आहे. माणसाने तिला पोटभर खायला घालावे, जागा कोरडी ठेवावी, पिल्ले रोज थोडा वेळ हातात घ्यावीत आणि पशुवैद्यकाला विचारून दोन आठवड्यांपासून जंताचे औषध सुरू करावे, एवढेच त्याच्याकडे उरते.

खरा महत्त्वाचा काळ तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा आहे. या काळात पिल्लू जे पाहते, ऐकते, हुंगते आणि ज्यापासून त्याला इजा होत नाही, ते सारे त्याच्या लेखी जगाचा नेहमीचा भाग बनते. त्यानंतर समोर येणाऱ्या नव्या गोष्टीकडे ते आधी संशयाने पाहते. अमेरिकेत डॅनियल फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. उंच कुंपण घातलेल्या मोकळ्या रानात पिल्ले आईसोबत वाढवली आणि त्यांना माणसाचा सहवास मिळणार नाही अशी व्यवस्था केली. काही पिल्लांना दुसऱ्या, काहींना तिसऱ्या, पाचव्या, सातव्या किंवा नवव्या आठवड्यात आठवडाभर माणसांत आणले, आणि काहींना चौदाव्या आठवड्यापर्यंत आणलेच नाही. पाचव्या ते नवव्या आठवड्यांच्या दरम्यान माणसांत आलेली पिल्ले सहज मिसळली. चौदा आठवडे माणसांवाचून राहिलेली पिल्ले रानटी जनावरासारखी वागत होती आणि पुढे प्रयत्न करूनही ती पुरती माणसाळली नाहीत.

वाघ्याला माणसांचा सहवास मिळाला, त्यामुळे त्याची गत तशी झालेली नाही. परंतु चौथा महिना संपेपर्यंत तो कोठ्यातच होता. त्या काळात त्याने हलगी ऐकली नाही, ऊस भरलेला ट्रॅक्टर जवळून पाहिला नाही, छत्री उघडलेली पाहिली नाही, मुलांचा गलका अनुभवला नाही. लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर काढू नका हा सल्ला रोगाच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. पार्व्हो या रक्ताच्या जुलाबांच्या रोगाचा विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो आणि लहान पिल्लाचा जीव दोन-तीन दिवसांत घेऊ शकतो. चूक झाली ती ‘बाहेर काढू नका’ याचा अर्थ ‘काही दाखवू नका’ असा घेतला गेला येथे. लस पूर्ण न झालेले पिल्लू जमिनीवर सोडायचे नसते, पण ते कडेवर घेऊन, टोपलीत ठेवून किंवा स्कूटरवर मांडीत धरून बसस्थानकाबाहेर, बाजाराच्या कडेला, शाळा सुटताना शाळेसमोर दहा-दहा मिनिटे नेता येते. माझ्या पहिल्या कुत्र्याच्या बाबतीत मीही हीच चूक केली होती, आणि तो आयुष्यभर छत्रीला भ्यायला. पावसाळ्यात मी त्याला फिरवायला नेताना भिजत जात असे.

दुसरे म्हणजे वाघ्या पस्तीस दिवसांचा असताना घरी आला, तो फार लवकर आला. पाचव्या ते आठव्या आठवड्यात भावंडांशी खेळताना पिल्लू चावण्याचा जोर आवरायला शिकते. एकाने दुसऱ्याचा कान जोराने धरला की दुसरे केकाटते आणि खेळ थांबवते, आणि चावणाऱ्याला कळते की एवढा दाबला की खेळ संपतो. हा धडा माणसाला तितका चांगला शिकवता येत नाही. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकू नये अशी तरतूद केंद्र सरकारच्या २०१७ च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांतही आहे, तरी आपल्याकडे महिन्याचे पिल्लू नेले की ‘चांगला लळा लागतो’ असे सांगून ते हाती दिले जाते.

गेलेला काळ परत आणता येणार नाही, पण भीती कमी करता येते. हलगीचा आवाज मोबाईलवर घ्यावा आणि वाघ्या जेवत असताना अगदी बारीक, जेमतेम ऐकू येईल इतक्या आवाजात लावावा. त्याने खाणे थांबवले किंवा कान मागे टाकले तर आवाज जास्त झाला असे समजून आणखी कमी करावा. तो निवांत खात राहिला तर चार-पाच दिवसांनी किंचित वाढवावा. दिवाळीला अद्याप वेळ आहे, तेव्हा पुढे फटाक्यांच्या आवाजाचेही असेच करावे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री त्याला आतल्या खोलीत, खिडक्या लावून, पंखा आणि रेडिओ सुरू ठेवून बसवावे आणि बाजेखाली शिरला तर शिरू द्यावे. भ्यालेल्या कुत्र्याला जवळ घेतले तर तो लाडावतो, अशी एक समजूत आहे. तिच्यावर विश्वास ठेवू नये. त्याच्या पाठीवर हात ठेवून खुशाल बसावे. एवढे करूनही तो थरथरत राहिला, तोंडातून लाळ गळू लागली, तर पशुवैद्यकाकडून आधीच औषध विचारून ठेवावे. आपल्याला उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय सोयीचे पडेल.

सासऱ्यांना माझा नमस्कार सांगून एवढे कळवावे की माळेगावची हौस रास्त आहे, मोटारसायकल मात्र दीड वर्षाचा होईपर्यंत नको. वाढत्या कुत्र्याच्या लांब हाडांच्या टोकांशी कुर्चेचा एक थर असतो आणि हाडाची लांबी तेथूनच वाढते. लहान जातींत तो आठ-दहा महिन्यांत हाड बनून मिटतो, उंच जातींत त्याला बारा ते अठरा महिने लागतात. तो मिटण्यापूर्वी डांबरी रस्त्यावर बांधून, एकाच वेगाने, थांबण्याची मुभा न देता पळवले तर पाय वाकडा होऊ शकतो आणि ते व्यंग जन्मभर राहते. पेरणी नसलेल्या मऊ रानात त्याचे तो हवे तितके पळला तर हरकत नाही, कारण दमल्यावर तो आपण होऊन थांबतो. मार्गशीर्षातील यात्रेच्या वेळी तो वर्षाच्या पुढे गेलेला असेल. तेव्हा त्याला केवळ दाखवायला न्यावे आणि तेही वाजंत्री सोसण्याइतका तो सावरला असेल तर. त्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसतात म्हणून त्याला कॅल्शियमची पावडर चारण्याचा आग्रह कोणी करील, पण कारवानीच्या बरगड्या दिसायच्याच असतात, आणि उंच जातीच्या पिल्लाला वरून दिलेले जादा कॅल्शियम हाडांना अपायकारक ठरते. नुसत्या दूध-भाकरीवर मात्र त्याला ठेवू नये. अंडी, दही, उकडलेले मांस जेवणात असावे. कांदा-लसणाचा रस्सा, मनुके, द्राक्षे, चॉकलेट आणि शिजवलेली हाडे त्याच्यापासून दूर ठेवावीत.

आता नणंदबाईंच्या मादीविषयी. पिल्ले पोळ्याच्या आदल्या आठवड्यात झाली, म्हणजे श्रावणी अमावास्येच्या थोडी आधी. तेथून आश्विनी अमावास्या, म्हणजे लक्ष्मीपूजन, दोन चांद्रमासांवर, सुमारे एकोणसाठ दिवसांवर आहे. म्हणजेच पिल्लू आठ आठवडे पूर्ण करील ते ऐन दिवाळीच्या तोंडावर. आठव्या ते दहाव्या आठवड्यात पिल्लू विशेष भित्रे असते आणि या काळात बसलेला धसका खोलवर जातो. आईपासून तुटणे, नवे घर आणि फटाके ही तिन्ही संकटे एकाच आठवड्यात तिच्यावर आणू नयेत. भाऊबीज उलटून फटाक्यांचा आवाज विरला की आणावे. तेव्हा ती नऊ-साडेनऊ आठवड्यांची असेल आणि ते वय उत्तम आहे. तोपर्यंत नणंदबाईंनी आठवड्यातून एकदा तेथे जाऊन तिला तासभर हाताळावे आणि पहिली लस सहाव्या ते आठव्या आठवड्यात टोचली गेली की नाही हे पाहावे. पुढचे डोस तीन ते चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत द्यावे लागतात, कारण आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती आधीच्या लशीला निष्प्रभ करू शकते आणि ती कधी ओसरली हे बाहेरून दिसत नाही. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर द्यावी. यंदाच्या माळेगावच्या गर्दीत तिला नेऊ नये.

घरी आल्यावर पहिले दोन महिने ती दिवसातील अठरा-वीस तास झोपेल, त्याची काळजी करू नये आणि मुलांनी तिला उठवू नये. जेवण दिवसातून चार वेळा, तीन महिन्यांनंतर तीन वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा. जितके महिने वय त्यात एक मिळवले तर तितके तास ती फार तर शू आवरू शकते, म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तासांहून अधिक वेळ बाहेर नेले नाही आणि मग ओसरीवर शू केली म्हणून मारले, तर दोष घड्याळाचा आहे. चौथ्या ते सातव्या महिन्यात दुधाचे अठ्ठावीस दात पडून बेचाळीस पक्के दात येतात. एखाद्या सकाळी पायपुसण्यावर तांदळाच्या दाण्याएवढा दात सापडेल, हिरड्या लाल दिसतील आणि चपला, बाजेची सुतळी, खराट्याची काडी यांपैकी काहीही सुटणार नाही. जुन्या सुती साडीची पट्टी ओली करून, पीळ देऊन बर्फाच्या कप्प्यात गोठवावी आणि ती चघळायला द्यावी. हाताला चावली तर ओरडणे, नाक दाबणे यांपैकी काही न करता हात सैल सोडून उठून जावे आणि अर्ध्या मिनिटाने परत यावे. सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान ती पहिल्यांदा माजावर येईल. त्या खेपेला तिची पिल्ले घ्यायची नाहीत हे आताच ठरवावे आणि घरी वाघ्या असल्यामुळे त्या तीन आठवड्यांची बंदिस्त सोयही आधीच करून ठेवावी, किंवा दोघांपैकी एकाच्या नसबंदीविषयी पशुवैद्यकाशी बोलावे.

तिला आणायला जाताना एक जुने सुती फडके आठवडाभर आधी देऊन ते तिच्या आईच्या अंगाखाली ठेवायला सांगावे आणि परत येताना ते सोबत आणावे. पहिल्या तीन-चार रात्री ते तिच्याजवळ असू द्यावे. वाघ्याची आणि तिची पहिली भेट आखाड्याबाहेर, दोघांनाही मोकळ्या जागेत, दोऱ्या सैल ठेवून करावी, आणि त्याआधी ते फडके वाघ्याला पोटभर हुंगू द्यावे. ती त्याच्याच आईची असल्यामुळे तो वास त्याला कदाचित अगदीच परका वाटणार नाही.